घोटभर पाणी

रात्री साडेदहाला नोझल पुन्हा तुंबलं.
नवं पुण्याहून यायला आठवडा,
लेझर उसना, शुक्रवारी परत करायचा.
पवईच्या त्या तळघरात मी आणि पंप,
आणि अंधारात ताणून धरलेली हिरवी चादर,
उजेडाची, अर्धा मिलिमीटर जाड.

नारिंगी चष्मा लावला की ती दिसत नाही.
ज्या उजेडात काम करायचं
तोच डोळ्यांना वर्ज्य.
दिसतं ते पडद्यावर, नंतर.

कनौजियाचाचा वसतिगृहात कपडे पोचवून
जिन्याने खाली आले, माझ्या तीन कुर्त्यांचे पैसे मागायला.
मी त्यांच्याकडे पाहिलं, मग तुंबलेल्या नोझलकडे.
म्हटलं, चाचा, एक घोट पाणी माराल?
कशावर? कपडा कुठाय?
हाच कपडा. उजेडाचा.

हसले. चष्मा लावून पाहिला, काढला, मी दटावलं, पुन्हा लावला.
पिवळ्या पट्टीमागे उभे राहिले, जिथे मी दाखवलं तिथेच,
आणि अगदी धंद्याच्या आवाजात विचारलं,
सुती की रेशमी?

मला सात वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
रेशमी, म्हटलं.

वरच्या दोन दातांत फट, ओठ किंचित मुडपलेले,
फुर्र.
लेझर दोनदा लखलखला,
मध्ये बारा मायक्रोसेकंद.
तेवढ्यात थेंब केसाच्या जाडीइतकासुद्धा सरकत नाही,
पण सरकतो तेवढा पुरतो,
त्यावरून वेग कळतो.

पडद्यावर काळोख, त्यात पाणी.
दोरे. पळ्या. कमरेशी बारीक होत तुटायला आलेले जोडथेंब.
आणि पाठीमागे दूरवर बारीक धूळ, गोल गोल, शिस्तीची.
संगणकाने गोल तेवढे मोजले,
बाकीच्यांवर लाल फुल्या मारल्या. दोनशे एकतीस.

हे का खोडले?
ते अजून थेंब झाले नाहीत, चाचा.
मग काय झालेत?

माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

सरासरी आली एकशे अठ्ठ्याऐंशी मायक्रॉन.
(आमची सरासरी सगळ्यांना सारखी धरत नाही.
आकारमान भागिले पृष्ठफळ,
एक जाड थेंब शंभर बारक्यांना ओढून नेतो.)
आता जीन्स, म्हटलं. त्यांनी गाल फुगवले.
तीनशे चाळीस.
आता मलमल. एकशे साठ.
तीन नोझल बदलून मला जे जमत नव्हतं
ते माणूस ओठांनी करत होता,
आणि मध्येच थांबून पाणी मागत होता.

चौथ्या वेळी खोकला आला. बसले स्टुलावर.
म्हणाले, सवय गेली.
बीमारीच्या टायमाला सोसायटीवाले बोलले, तोंडाचं पाणी बंद.
बाटली घेतली मग. पस्तीस रुपयांची, निळी.
कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला होता त्यांना,
माणूस बोलतोय आणि तोंडातून थेंब उडतायत
हिरव्या उजेडात.

मी पंपाची झडप उगाच घट्ट केली.
तसलीच चित्रं काढली होती आम्ही, त्या वर्षी.
उजेड हाच. चादर हीच.
चूक नव्हती त्यांत काही,
आकडे आजही बरोबरच आहेत.

चाचांनी पडद्याकडे पुन्हा पाहिलं,
बोट काचेला न लावता विचारलं,
यातला माझ्या बापाने शिकवलेला कुठला?
मग स्वतःच म्हणाले, सगळेच असणार.
आणि साठ रुपये घेऊन गेले.

फाइलला नाव दिलं, कनौजिया, रेशमी, एक.
अहवालात ती जाणार नाही.
पाण्याचा दाब किती होता, हे कुठून लिहू?

शुक्रवारी लेझर गेला, रबरी नळ्यांसकट.
शनिवारी कुर्ता आला घडी घालून.
बाटलीने मारलेला.
उजव्या बाहीवर पाण्याचे तीन डाग,
मोठे, वेडेवाकडे,
मोजायची गरज नव्हती.